चीफ साटम आणि टांगलेलं छत

सिंगापुरात सेरंगूनच्या त्या फ्लॅटमध्ये मी खोली बघायला गेलो, तेव्हा चीफ साटमांनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, मी घरात मासे शिजवणार का तेही विचारलं नाही. म्हणाले, "दार लावून दाखवा."

मी खोलीचं दार लावलं.

"परत. जरा हळू."

परत लावलं. ते मान तिरकी करून ऐकत होते. मग म्हणाले, "हं. आपटणाऱ्यांतले दिसत नाही. राहा."

अशा रीतीने मी त्यांचा भाडेकरू झालो आणि चार वर्षं राहिलो. मी युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक होतो, विषय काँक्रीट. करार एकेका वर्षाचा, आणि प्रत्येक वर्षाअखेरीस तो वाढेल की नाही या विचारात दोन महिने जायचे. संध्याकाळी एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, उतरून मॉलची गर्दी तुडवत घरी पोचलो की बोलायचंही त्राण नसायचं. चीफना ते चालायचं. त्यांनाही नसायचं.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. मूळचे देवगडकडचे. पस्तीस वर्षं जहाजांच्या पोटात काढली, शेवटची दहा इथल्या एका रिपेअर यार्डात. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा कॅनडात. रिकाम्या दोन खोल्यांत ते मराठी पोरं ठेवत आणि त्यांना जहाजावरचे हुद्दे देत. मी आलो तेव्हा फोर्थ होतो, म्हणजे फोर्थ इंजिनिअर. गिझर दुरुस्त केला तेव्हा थर्ड झालो. दुसऱ्या वर्षी, काही न सांगता, एका सकाळी म्हणाले, "सेकंड, दूध संपलंय." मी दिवसभर खुशीत होतो.

कसे आहात विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "चालतंय. पण पुरे झालं." तक्रारीचा सूर नसे. मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं सांगत.

एक खोड मात्र विचित्र होती. कुठल्याही नव्या जागी गेले की भिंतीला हाताची मागची बाजू लावायचे. कॉफीशॉपमध्ये, दवाखान्यात, कुणाच्या नव्या काँडोत वास्तुशांतीला गेले तरी. बेअरिंग तापलंय का बघताना इंजिनरूममध्ये तसाच हात लावतात. तळहात लावला आणि चटका बसला तर माणूस कामातून जातो. यजमानांना वाटायचं, म्हातारा ओल शोधतोय. चीफ म्हणायचे, "ओल नाही हो. आत काय चाललंय ते बघतो."

आमच्या मराठी मंडळींत गणपतीला त्यांच्याभोवती पोरं जमायची. आजोबा, वादळाची गोष्ट सांगा, चाचे भेटले होते का, सांगा ना. चीफ खुर्चीत सरसावून बसायचे आणि सुरुवात करायचे, "जर्मनीत एक घर आहे." पाच मिनिटांत पोरं पांगायची. दहा मिनिटांत त्यांचे आईबापही प्रसादाच्या निमित्ताने उठायचे. मी दुसऱ्यांदा ऐकायला बसलो, तिसऱ्यांदा बसलो, आणि मग ते घर मलाही पाठ झालं.

बर्लिनची भिंत पडून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. चीफ तेव्हा चाळिशीला टेकलेले. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या एका बंदरात त्यांचं जहाज अडकलं. मालकाचं दिवाळं निघालं, जहाजावर कोर्टाची जप्ती आली. खलाशी एकेक करून घरी गेले. थंडीत नळ गोठून फुटू नयेत म्हणून तिघांना जहाजावर ठेवलं, त्यांत चीफ. सात महिने.

त्या बंदरात खलाशांची विचारपूस करायला एक पाद्री यायचा. एकदा त्याने विचारलं, आत वीसेक किलोमीटरवर एक गाव आहे, तिथल्या बालवाडीचा बॉयलर बंद पडलाय, मेकॅनिक पश्चिमेला निघून गेला, तुम्ही बघाल का? चीफ हत्यारांची पिशवी घेऊन गेले. बालवाडी होती एका मोठ्या जुन्या घराच्या तळमजल्यावर. मुलं ओव्हरकोट घालून सूप पीत होती.

"जप्तीतल्या जहाजाचे पार्ट काढणं म्हणजे गुन्हा," चीफ सांगायचे. "मी दोन व्हॉल्व्ह आणि एक पंप काढला. तिसऱ्या दिवशी मुलांनी कोट काढले."

त्या घराला ते कधी हवेली म्हणाले नाहीत. जमीनदाराचं घर म्हणायचे. तळघर शेतातल्या दगडांचं. नांगराला लागलेले गोटे पिढ्यान्‌पिढ्या बांधावर फेकलेले, तेच वेचून रचलेले. त्यावर विटांचे दोन मजले, बाहेरून पांढरा गिलावा. समोर नऊ खिडक्या, मधल्या तीन जरा पुढे आलेल्या आणि त्यांच्यावर त्रिकोणी माथा. वर उतरतं, खूप उंच छप्पर. त्या छपराच्या लाकडांवर सुतारांनी छिन्नीने खुणा पाडल्या होत्या: एक रेघ, दोन रेघा, फुली. आधी जमिनीवर सगळं जोडून बघायचं, खुणा करायच्या, सोडवायचं आणि वर नेऊन पुन्हा जोडायचं. "म्हणजे आमचं ओव्हरहॉलच," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित येणारं हसू यायचं.

घर दाखवलं हिल्डाबाईंनी. बालवाडीत स्वयंपाक करायच्या, वरच्या मजल्यावर राहायच्या. दुसरं महायुद्ध संपताना त्या चार वर्षांच्या होत्या. पूर्वेकडून आईचं बोट धरून, बर्फातून चालत आलेल्या. जमीनदाराचं कुटुंब तोवर पश्चिमेला पळालं होतं. नव्या सरकारने घर ताब्यात घेतलं आणि खोल्याखोल्यांत निर्वासित बसवले. वरच्या मजल्यावरचं मोठं दालन, जिथे पूर्वी नाच आणि मेजवान्या व्हायच्या, त्यात गोठ्याच्या लाकडांच्या आणि विटांच्या दोन भिंती घातल्या, एक उभी, एक आडवी. चार खोल्या झाल्या, चार कुटुंबं राहिली.

त्या दालनाच्या छताला मधोमध चुन्यात घडवलेला मोठा गोल हार होता. ओकची पानं, गव्हाच्या ओंब्या, फळं. भिंतींनी त्याचे चार तुकडे केले. हिल्डाबाईंच्या खोलीत दोन नासपती आणि ओंब्या आल्या. द्राक्षं शेजारच्या खोलीत होती. लहानपणी आजारी पडल्या की त्या हट्ट करायच्या, मला द्राक्षांखाली झोपायचंय. शेजारीण त्यांना आपल्या खाटेवर घ्यायची.

मग पुढचं, चीफच्या दृष्टीने खरं महत्त्वाचं, यायचं.

हिल्डाबाईंच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. त्या म्हणाल्या, जुनं झालंय. चीफ म्हणाले, जुनं दार सैल होतं, हे तर आवळलंय. वरून कुणीतरी दाबतंय. ते माळ्यावर चढले. एवढं रुंद दालन, मध्ये एकही खांब नाही, मग छत कशावर उभं? तर ते उभं नव्हतंच, टांगलेलं होतं. छपराच्या सांगाड्यातून एक जाड लाकूड खाली येत होतं आणि लोखंडी पट्टीने छताची तुळई वर धरून होतं. चीफनी त्या पट्टीला बोट लावलं. पट्टी हलली.

"सेकंड, कळतंय का? ज्या पट्टीवर सगळं छत लोंबतंय, ती ताणलेली पाहिजे. सतारीच्या तारेसारखी. ती माझ्या बोटाने हलली."

निर्वासितांच्या चुलींचं धुराडं वर न्यायला कुणीतरी सांगाड्याचा एक तिरपा टेकू करवतीने कापला होता. त्याला तरी काय बोल लावणार, त्याची मुलं थंडीने काकडत होती. तेव्हापासून छत हळूहळू उतरलं आणि त्या आडव्या भिंतीवर बसलं. गोठ्याच्या लाकडांची ती भिंत चार कुटुंबांना वेगळं करायला घातली होती; आता तीच छत तोलत होती.

चीफनी कापलेल्या टेकूपाशी तात्पुरत्या ओकच्या पाचरी ठोकल्या, पट्टी मात्र सैलच राहिली, आणि उरलेला हिवाळा त्या घराचं माप घेण्यात घालवला. इंजिनरूमच्या लॉगशीटच्या कोऱ्या पाठींवर, पेन्सिलीने, तळघरापासून आढ्यापर्यंत. चाळीस-पंचेचाळीस कागद. का काढले? मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "बंद जहाजावर बसून माणूस वेडा होतो."

पुढे तीस वर्षं दर नाताळाला हिल्डाबाईंचं पत्र यायचं आणि दर दिवाळीला चीफ लिहायचे, बालवाडीतल्या मुलांकडून शिकलेल्या मोडक्या जर्मनमध्ये. काकू त्या घराला 'सवत' म्हणायच्या. बालवाडी बंद झाली, माणसं गेली, शेवटी हिल्डाबाई एकट्या उरल्या आणि मग त्याही गेल्या.

माझ्या तिसऱ्या वर्षी हिल्डाबाईंच्या मुलीचं, आंकेचं, ईमेल आलं. घर विकलं गेलंय. हॉटेल होणार आहे. घेणारी कंपनी सिंगापूरची आहे. तुम्ही तिथेच आहात, त्यांच्याशी बोलून बघाल का? आईची खोली तेवढी राहिली तर बरं होईल.

चीफनी ते पत्र दोनदा वाचलं. मग कपाटावरून त्या घराच्या कागदांची पत्र्याची नळी काढली आणि मला म्हणाले, "शनिवारी काय करतोयस?"

शनिवारी ती कंपनी बंद होती. सोमवारी मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर गेलो. तिथे डेस्मंड नावाचा एक तरुण आर्किटेक्ट भेटला. चांगला मुलगा होता, हे मला आवर्जून सांगायला हवं. त्याने टेबलावरचा लॅपटॉप बाजूला सारला, कागद पसरले आणि तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"अंकल, धिस इज गोल्ड, लाह!" तो सिंगापुरी ढंगात ओरडला.

त्यांच्याकडे त्या घराचा एकही जुना नकाशा नव्हता. त्याने कागदांवरून बोट फिरवलं आणि आनंदाने सांगितलं, यावरून सिद्धच होतं की दालनातल्या भिंती नंतरच्या आहेत. आता त्या काढायला कुणी हरकत घेणार नाही. दालन पूर्वीसारखं होईल.

चीफनी कागदाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. ज्या भिंती वाचवायला ते आले होते, त्या पाडायचा पुरावा त्यांनी स्वतःच चाळीस कागदांवर काढून आणला होता.

ते म्हणाले, "चारपैकी एक खोली ठेवा. एकच कोपरा. तिच्या भिंतींसकट. लोकांना कळेल, इथे माणसं राहिली."

डेस्मंड अवघडला. म्हणाला, मला पटतंय, पण निर्णय वरून येतो. विचारतो.

"लेखी द्या. मग कागद देतो," असं म्हणून चीफनी कागद गुंडाळले.

तीन आठवडे गेले. डेस्मंडचे दोन फोन आले, दोन्ही वेळा 'अजून कळलं नाही' एवढंच. मग आंकेचा निरोप आला: पाडणारे लोक आलेत. पुढच्या सोमवारी दालनापासून सुरुवात.

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा चीफ जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर एकच कागद, छपराचा उभा छेद दाखवणारा. आमटी गॅसवर तशीच.

"आडवी भिंत पाडतील," ते म्हणाले. "पट्टी सैल आहे हे त्यांना कुठून माहीत असणार?"

"डेस्मंडला फोन करून सांगा ना, भिंतीवर भार आहे म्हणून."

"केला. तो म्हणतो, तिथला इंजिनिअर म्हणाला की ही साधी आडोशाची भिंत आहे. इथल्या कुणा म्हाताऱ्याच्या फोनवर काम थांबत नाही. कुठे कापलंय, किती उतरलंय, सगळं कागदावर दाखवा म्हणे."

जे कुणीही म्हटलं असतं तेच मी म्हणालो. "चीफ, अजून चार दिवस आहेत. हे कागदच तुमचा हुकमाचा पत्ता आहेत. आता ते अडलेत. लेखी देतील."

"आणि नाही दिलं तर?"

"देतील हो."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "सेकंड, त्या भिंतीला पहिला घण कोण घालणार? डेस्मंड नाही, मालक नाही. कुठूनतरी रोजावर आलेला कुणी माणूस असेल. त्याला ना हिल्डाबाई माहीत, ना तुम्ही-आम्ही. तो छताखाली उभा असणार. त्याच्या डोक्यावर मी पत्ते खेळू?"

काँक्रीटवर सोळा पेपर लिहिले होते मी, पण मला तो छताखालचा माणूस दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते एमआरटीने गेले आणि सगळे कागद देऊन आले. मी म्हटलं होतं, निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवू. नको म्हणाले. लेखीचं काय झालं, तेही विचारलं नाही मी. त्यांच्या हातात नळी नव्हती, त्यावरून कळलं.

पुढचं आंकेने कळवलं. काम आठवडाभर थांबवलं. इंजिनिअर माळ्यावर चढला, त्याने पट्टीला बोट लावलं आणि मुकाट खाली आला. दालनभर लोखंडी टेकू लावले, मगच भिंती काढल्या. आडवी भिंत निघाली तेव्हा छत बोटभर खाली आलं, टेकूंवर टेकलं आणि थांबलं. मुकादमाने सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः पायरीवर बराच वेळ बसून राहिला. कुणाला खरचटलंही नाही. दोन्ही भिंती मात्र गेल्या. आईच्या खोलीचा कोपरासुद्धा ठेवला नाही, एवढं लिहून तिने पत्र संपवलं होतं.

चीफनी मला पत्र वाचायला लावलं. माझं वाचून झाल्यावर म्हणाले, "बोटभरच उतरलं. पाचरी टिकल्या म्हणायच्या."

वर्षभराने कंपनीकडून मोठा लिफाफा आला. आत उद्घाटनाचं माहितीपत्रक आणि दालनाचा एक फोटो. पत्रकात हॉटेलच्या दर्शनी भागातल्या पाटीचा मजकूर छापला होता; त्यात आभार मानले होते, 'कॅप्टन साटम, सिंगापूर' यांचे. कॅप्टन वरच्या डेकचा, चीफ खालच्या इंजिनाचा, दोन वेगळी गोत्रं; इंजिनिअरला कॅप्टन म्हणणं म्हणजे काय, हे दर्यावर्दी माणसालाच कळेल. मी चिडलो. चीफनी त्या ओळीवरून नुसती नजर फिरवली आणि फोटो खिडकीशी नेला.

पांढरंशुभ्र दालन. ओळीने टेबलं, त्यांवर पेले. वर पूर्ण गोल हार. पानं, ओंब्या, नासपती, द्राक्षं, सगळं एकत्र. चिरा कुठे होत्या ते शोधूनही सापडेना. फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

"काम चांगलं केलंय," चीफ म्हणाले. "जोड दिसत नाही."

फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"तीस वर्षं डोळे मिटून सांगितलं असतं, इथे त्यांची खाट, इथे शेगडी, इथे दार. आता मलाच कळत नाही, हिल्डाबाईंची खोली कुठे होती."

त्यानंतर त्यांनी त्या घराचं नाव काढलं नाही. पुढच्या गणपतीत पोरांनी पुन्हा घेरलं, वादळ सांगा म्हणाली. चीफनी वादळ सांगितलं. मला माहीत होतं, त्यातलं बरंचसं त्यांनी तिथल्या तिथे रचलं होतं. पोरं शेवटपर्यंत हलली नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि परतताना बसमध्ये ते सगळा वेळ डोळे मिटून होते.

माझा करार त्या डिसेंबरात संपला, यावेळी कायमचा. भारतात नोकरी मिळाली होती. निघायच्या दिवशी सकाळी मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "उशीर होईल, टॅक्सी उभी आहे." लिफ्टपर्यंतही आले नाहीत. मला थोडं लागलं ते.

खाली बॅगा डिकीत ठेवून मी वर बघितलं. नवव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कपडे वाळत घालायचा लांब बांबू हळूहळू बाहेर येत होता. त्यावर माझ्या खोलीतली चादर आणि उशांचे अभ्रे, इतक्यात धुऊन पिळलेले. ओल्या कपड्यांनी बांबू जड झाला होता, टोक खाली झुकत होतं. चीफ खिडकीत अर्धे ओणवे, दोन्ही हातांनी तो पेलत बाहेरच्या भिंतीवरच्या नळकांड्यात बसवायचा प्रयत्न करत होते. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला.

मी हात हलवला. त्यांना मी दिसलो असेन, पण हात सोडण्यासारखा नव्हता. तिसऱ्यांदा बांबू बसला. त्यांनी एक क्षण खिडकीच्या कठड्यावर कपाळ टेकवलं, मग आत गेले. टॅक्सीवाला म्हणाला, "गो, लाह?" मी म्हटलं, जाऊ या.